झिजलेली गिटार आणि झिजवलेली गिटार

आमच्याकडे घाम बाटलीतून येतो. हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल, मीठ आणि फॉस्फेटचा क्षार पाण्यात विरघळवायचा. एका बाटलीचा सामू ५.५ ला आणायचा, दुसरीचा ८ ला. त्यात कापडाचा तुकडा भिजवून वजनाखाली दाबायचा आणि ३७ अंश सेल्सिअसला चार तास ठेवायचा. टॉवेल घामानं रंग सोडतो का, ते संध्याकाळपर्यंत कळतं. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कापड तपासणीच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं हेच काम करतो. झेनॉनच्या दिव्याखाली ऊन देणं, घासणी यंत्रावर झीज देणं, धुऊन धुऊन जीर्ण करणं, असं कापडाला लवकर म्हातारं करण्याचं आमचं शास्त्र आहे.

म्हणून भाच्यानं पुण्याहून आणलेली इलेक्ट्रिक गिटार घरी उघडून दाखवली, तेव्हा मला ती ओळखीची वाटली. निळा रंग, कोपऱ्यांवर उडालेला. उजवा हात टेकतो तिथे आतलं लाकूड दिसतंय. स्क्रू गंजलेले. मी म्हटलं, "जुनी घेतलीस का रे?"

"नाही मामा, नवीच आहे. बघा की, रेलिक म्हणतात याला. कारखान्यातूनच अशी येते. कोऱ्या गिटारपेक्षा महाग पडते."

घरात सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. आमचं म्हातारं केलेलं कापड अहवाल लिहून झाला की टाकून देतात, आणि इथे लोक तेच जास्त पैसे देऊन घेत होते. दुसऱ्या दिवशी मी त्याला ती गिटार घेऊन प्रयोगशाळेत बोलावलं. शेजारच्या गल्लीतल्या काकांकडून त्यांचीही मागून आणली. काकांनी ऑर्केस्ट्रात तीसेक वर्षं गिटार वाजवली. गणपतीतले कार्यक्रम, लग्नाच्या वराती, गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरचे स्टेज, सगळीकडे एकच गिटार. तिचा मूळ रंग त्यांना आवडला नव्हता, म्हणून घेतल्या वर्षीच सात रस्त्याजवळच्या एका मोटार गॅरेजमध्ये तिच्यावर पांढरा ड्युको मारून घेतला होता.

हा ड्युको शब्द आपल्याकडे सुतार आणि रंगारी सर्रास वापरतात, पण ते मुळात एका रंगाचं व्यापारी नाव आहे. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीनं १९२० च्या दशकात ड्युको बाजारात आणला. त्याआधी मोटारीचा तेलरंग वाळायला आठवडे लागत, हा काही तासांत वाळायचा. त्याचा मूळ घटक नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस. आमच्या गावाला हे खास सांगायला हवं. ज्या कापसाची आपण चादर विणतो, त्याच कापसाच्या सेल्युलोजपासून हा चकाकणारा लेप होतो. पुढे फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीनं गिटारींसाठी मोटारींचेच रंग उचलले. तिचा प्रसिद्ध ‘लेक प्लॅसिड ब्लू’ कॅडिलॅक मोटारीवरून आलेला आहे.

जुन्या गिटारींच्या देखणेपणाचा मोठा भाग या लेपाच्या उणिवांमधून येतो. तो नुसता थिनर उडून वाळतो, त्याच्या रेणूंची एकमेकांत पक्की जाळी होत नाही. म्हणून तो पातळ राहतो, झिजतो, घामानं मऊ पडतो. त्याला लवचिक ठेवणारी द्रव्यं वर्षानुवर्षं निघून जातात आणि तो ठिसूळ होतो. उजेडानं आणि उष्णतेनं त्यातले नायट्रो गट सुटत जातात आणि लेप पिवळा पडतो. काकांची पांढरी गिटार आज सायीच्या रंगाची आहे ती यामुळेच. निळ्या गिटारीवर असा पिवळा थर चढला की ती हिरवट दिसू लागते. पॉलिएस्टर आणि पीयू (पॉलियुरेथेन) लेपांचं असं होत नाही. त्यांची पक्की जाळी बनते, ते जाड असतात, आणि आपटले तर झिजण्याऐवजी टवका उडतो. फेंडरनं १९६० च्या दशकाच्या अखेरीस पॉलिएस्टर वापरायला सुरुवात केली. त्यामुळे त्यानंतरच्या गिटारी वेगळ्या तऱ्हेनं म्हाताऱ्या होतात.

मग बारीक भेगा. काकांच्या गिटारीवर पाण्यावरच्या तरंगांसारख्या आडव्या रेषा आहेत. लाकूड त्याच्या तंतूंच्या रेषांच्या दिशेनं तापमानाला फारसं वाढत-घटत नाही, आडव्या दिशेनं जास्त. लेप मात्र सगळीकडून भरपूर आकसतो. थंडी पडली की लेपाला आकसायचं असतं आणि खालचं लाकूड त्याला लांबीच्या दिशेनं हलू देत नाही. ताण तिथे सर्वांत जास्त, म्हणून भेग त्या ताणाला काटकोनात, लाकडाच्या रेषांना आडवी फुटते. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जाणाऱ्या आणि डिसेंबरच्या पहाटे गारठणाऱ्या आपल्या गावात अशी गिटार स्टेजवरून टेम्पोत, टेम्पोतून माळ्यावर तीस वर्षं फिरली. तिनं सोलापूरचं हवामान अंगावर लिहून घेतलंय.

कार्यशाळेत हेच एका दुपारी करता येतं. लेप गरम करायचा आणि त्यावर अतिथंड वायूचा फवारा सोडायचा, की तडतड भेगा पडतात. काही जण धारदार पात्यानं रेघा ओढतात. धातूचे भाग आम्लाच्या वाफेवर धरून गंजवतात (हे घरी कुणी करू नये, ती वाफ फुप्फुसांनाही सोडत नाही). कडांवर सँडपेपर फिरतो. आमच्या आणि त्यांच्या कामात फरक नाही, हेतू तेवढा वेगळा.

याचा अधिकृत जन्म १९९५ चा. फेंडरच्या कस्टम शॉपनं त्या वर्षी ‘रेलिक’ नावाची मालिका काढली, आणि सुरुवातीच्या गिटारी जुन्या करण्याचं काम मिसुरी राज्यातल्या व्हिन्स कुनेटो या कारागिरानं केलं. गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीनं टॉम मर्फी या तज्ज्ञाच्या नावानं वेगळी कार्यशाळाच काढली. ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ नावाची फेंडर गिटार २००४ मध्ये लिलावात ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला गेली, आणि नंतर फेंडरनं तिच्या ओरखड्यांसकट २७५ प्रती काढल्या.

आयर्लंडचे गिटारवादक रोरी गॅलघर यांची गोष्ट मला जास्त भावते. १९६१ सालची फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार त्यांनी १९६३ मध्ये कॉर्क शहरातून शंभर पौंडांना घेतली आणि आयुष्यभर वाजवली. घामानं आणि हातानं तिचा रंग इतका गेला की बहुतेक लाकूडच उरलं. ते गेले ते १९९५ मध्ये, म्हणजे झिजवलेल्या गिटारी दुकानात आल्या त्याच वर्षी. आता ती गिटार आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे.

साध्या डोळ्यांना दोन्ही गिटारींची झीज सारखीच दिसत होती. धागे मोजायची पिक ग्लास आम्ही कायम खिशात ठेवतो. ती भाच्याच्या गिटारीच्या उघड्या लाकडावर ठेवली, तर एकाच दिशेच्या समांतर रेघा दिसल्या. सँडपेपर असाच बोलतो. रंग आणि लाकूड यांच्यामधली कड चिरल्यासारखी स्पष्ट होती. काकांच्या गिटारीवर ती कड सापडतच नाही. वरचा लेप, मग रंग, मग खालचा अस्तराचा थर, मग लाकूड, असे थर एकातून एक विरघळत जावेत तसे दिसतात, नदीच्या उतरत्या वाळूसारखे. लाकूड मळानं करडं झालंय आणि त्याचे तंतू गोटीसारखे गुळगुळीत आहेत.

नंतर कापड जास्त पांढरं दिसावं म्हणून घातलेली चमकद्रव्यं शोधायचा अतिनील दिवा लावला. जुना नायट्रो लेप त्याखाली हिरवट-पिवळा चमकतो. काकांची गिटार चमकली, आणि खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा एक काळा डाग उठून दिसला. काकांना विचारलं तर म्हणाले, एका वरातीत पडली होती, नंतर तेवढाच तुकडा दुसऱ्या रंगानं टचअप करून घेतला. साध्या डोळ्यांना तो कधी दिसला नव्हता. जुन्या गिटारी खोट्या की खऱ्या हे पारखणारेही हाच दिवा वापरतात.

झिजेचा एक साधा नियम आहे, जॉन आर्चर्ड या ब्रिटिश अभियंत्यानं १९५३ मध्ये मांडलेला. झिजून गेलेला ऐवज हा दाब गुणिले घसरलेलं अंतर या प्रमाणात वाढतो, आणि पृष्ठभाग जितका कठीण तितका कमी होतो. आपल्या जिल्ह्यातच याचं उदाहरण आहे. पंढरपुरात विठ्ठलाच्या पायांवर प्रत्येक वारकऱ्याचा हात क्षणभरच टेकतो, दाब नगण्य. पण अंतरांची बेरीज शतकांची आहे, त्यापुढे दगडही टिकत नाही. तिथे झीज थोपवायला वज्रलेप करावा लागला.

या नियमात मला महत्त्वाचं वाटतं ते अंतर. खरी झीज ही एका शरीराच्या लाखो हालचालींची बेरीज असते, त्यामुळे ती वाटेल तिथे पडत नाही. काका ठेंगणे, पट्टा आखूड बांधायचे. त्यांच्या गिटारीवर हाताची झीज मी चित्रांत पाहिलेल्या गिटारींपेक्षा दोन बोटं मागे आहे. मागच्या बाजूला पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे एकाच कोनात आहेत. मानेवर तिसऱ्या ते सातव्या फ्रेटच्या (धातूच्या आडव्या पट्ट्या, सतारवाले ज्यांना पडदे म्हणतात त्या) दरम्यान अंगठ्याची खोलगट वाट पडली आहे, कारण ऑर्केस्ट्रातली गाणी गायकाच्या पट्टीत बसवताना त्यांचा हात तिथेच असायचा. भाच्याची झीज कुठल्याच माणसाची नाही. ती अनेक प्रसिद्ध गिटारींची सरासरी आहे. भाचा सहा फूट उंच, त्याचा हात त्या उडवलेल्या रंगावर टेकतही नाही.

आवाजाचं काय, असं कुणी विचारेल. इलेक्ट्रिक गिटारीत लोखंडी तार चुंबकावर थरथरते आणि सुमारे आठ हजार वेढ्यांच्या तारेच्या गुंडाळीत वीज उमटते. तीच पुढे मोठी होऊन ऐकू येते. वरचा रंग किती उडालाय याचा त्या विजेशी संबंध जवळजवळ नाही. जुनं म्हणजे गोड, हा समज व्हायोलिनवाल्यांत फार खोल आहे. क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी इंडियानापोलिसमध्ये २१ वादकांना डोळे झाकून जुनी-नवी सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात बहुतेकांना हातातलं वाद्य जुनं की नवं हे ओळखता आलं नाही, आणि सर्वांत नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हेरियस, म्हणजे स्ट्रॅडिव्हारी या जुन्या इटालियन कारागिराचं नावाजलेलं व्हायोलिन.

स्पर्श मात्र खराच बदलतो, आणि इथे मी भाच्याच्या बाजूचा आहे. चकचकीत लेपावर घामट हात चिकटतो, कारण त्वचा आणि लेप यांचा खरा संपर्क मोठा असतो. उघड्या, किंचित खरखरीत लाकडावर तो संपर्क कमी होतो आणि घामही शोषला जातो. एप्रिलच्या सोलापुरात दुपारी सराव करणाऱ्या मुलाला हा फरक कळतोच. शिवाय पहिल्या ओरखड्याची भीती राहत नाही. कोरं वाद्य माणूस जपत वाजवतो, आणि जपत वाजवलेलं कानाला कळतं. जीन्स आपण दगडांनी आणि सेल्युलेज विकरानं झिजवून घेतो त्यात मऊपणाचा हाच फायदा असतो. त्याला कुणी लबाडी म्हणत नाही.

पण मऊपणासाठी कुणी ९ लाख डॉलर देत नाही. जॉर्ज न्यूमन, गिल डीसेनड्रुक आणि पॉल ब्लूम यांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आवडत्या प्रसिद्ध व्यक्तीनं घातलेला स्वेटर घ्याल का, असं त्यांनी लोकांना विचारलं. तो निर्जंतुक करून धुतलाय असं सांगितल्यावर घ्यायची इच्छा कमी झाली. रोज कापड धुणारा माणूस म्हणून मी यावर खूप विचार केला. धुतल्यानं स्वेटर बिघडत नाही, त्यातला ‘तो’ माणूस जातो असं आपल्याला वाटतं. ब्रूस हूड आणि ब्लूम यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांच्या लाडक्या खेळण्याची हुबेहूब प्रत करून देणारं ‘यंत्र’ दाखवलं होतं. बहुतेक मुलांना मूळ खेळणंच परत हवं होतं. अक्कलकोटला पादुकांवर डोकं टेकणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

काकांच्या गिटारीच्या शेंड्याला मागे एक गुलाबी डाग आहे. काकू दरवर्षी खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहायच्या, आणि ते लेपाच्या भेगांत मुरलंय. असा डाग पाडून देणं अवघड नाही, कुंकू आणि थोडं पाणी पुरेल. पण तो डाग सांगतो ते त्या घरातल्या तीस नवम्यांचं आहे. तो दुसऱ्या गिटारीवर पाडला तर खोटी साक्ष होईल. झिजवलेली गिटार स्पर्शासाठी घ्यावी, आनंदानं घ्यावी. तिला जुनी म्हणून विकणं मला मान्य नाही.

शेवटी आम्ही फ्रेट पाहिले. फ्रेट तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूचे असतात आणि पोलादी तार त्यांना कापत जाते. काकांनी ते एकदा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत बदलून घेतले, तरी पुन्हा खाचा पडल्या आहेत आणि दोन सूर झणझणतात. भाच्याच्या गिटारीचे फ्रेट गुळगुळीत, कोरे. अंगभर म्हातारपण देणाऱ्या कारखान्यानं एवढे सोडले होते, कारण तिथली झीज कुणालाच नको असते, ती वाजवणं बिघडवते.

भाच्यानं पिक ग्लास माझ्या हातातून घेतली आणि बराच वेळ दुसऱ्या फ्रेटवर धरली. मग मला बोलावलं. दुसऱ्या तारेच्या बरोबर खाली एक केसाएवढी चपटी रेघ होती. गिटार घेऊन त्याला पाच महिने झाले होते.