बोर्डाला उंची कळत नाही

“बोर्ड उभा धरा. हनुवटीला टेकला की तुमच्या मापाचा.” स्नोबोर्ड भाड्याने देणाऱ्या काउंटरवर हे ब्रह्मवाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याच्याशी वाद घालायचा कंटाळा येतो. सकाळच्या गर्दीत शेदोनशे माणसांना झटपट बोर्ड वाटायचे असतात, तिथे ही युक्ती चालते. पण उतारावरून पडत-झडत खाली येण्याचे दिवस संपले, दोन्ही बाजूंना वळता येऊ लागलं आणि स्वतःचा पहिला ‘ऑल-माउंटन’ बोर्ड घ्यायची वेळ आली, की हनुवटीला रजा द्यावी. बोर्डाला तुमची उंची कळत नाही. त्याला कळतं वजन, बुटाची लांबी आणि वेग. एकाच उंचीची दोन माणसं, एक ५५ किलोचा आणि दुसरा ९० किलोचा, एकाच बोर्डावर उभी केली तर पहिल्याच्या पायाखाली तो दाराच्या फळीसारखा ताठ वाटेल आणि दुसऱ्याच्या पायाखाली वेताच्या छडीसारखा लवेल. हनुवट्या मात्र एकाच पातळीवर!

ऑल-माउंटन म्हणजे दाबून सपाट केलेल्या उतारावर, भुसभुशीत ताज्या बर्फात आणि अधूनमधून एखाद्या उडीवरही चालून जाईल असा बोर्ड. थोडक्यात, तडजोड. आणि तडजोड पारखायची तर ती कशाकशात झाली आहे ते कळायला हवं. त्यातल्या एका गोष्टीवर माझा विशेष जीव आहे, ती म्हणजे बोर्डाच्या कडेचा बाक.

नवशिक्याने उतारावर सोडलेला माग पाहिलात तर केरसुणी फिरवल्यासारखा हातभर रुंद फराटा दिसतो. त्याचा बोर्ड आडवा होऊन बर्फ खरवडत जातो. सराव झालेल्याच्या मागे उरते पेन्सिलीने ओढल्यासारखी एकच बारीक वक्ररेषा. याला कार्व्हिंग म्हणतात. यात बोर्ड आडवा घसरत नाही, त्याची पोलादी कड स्वतःच कोरलेल्या खाचेतून पुढे सरकते. मध्यम सरावाचा माणूस नेमका या दोन मागांच्या मधे अडकलेला असतो. अर्धं वळण रेघ, अर्धं फराटा. म्हणून त्याच्यासाठी बोर्ड पारखताना प्रश्न एकच: त्याची रेघ लांबवायला हा बोर्ड मदत करेल का?

१९६५ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून ‘स्नर्फर’ नावाचं खेळणं बनवलं. स्नोबोर्डचा तो पूर्वज. त्यावर उभं राहून, टोकाला बांधलेली दोरी धरून खाली यायचं. आजचा बोर्ड वरून पाहिला तर वाळूच्या घड्याळासारखा दिसतो, टोकांकडे रुंद आणि कमरेत बारीक. या कमरेच्या कापाला साइडकट म्हणतात. तो एखाद्या मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो आणि त्या वर्तुळाची त्रिज्या प्रौढांच्या ऑल-माउंटन बोर्डात साधारण ७ ते ८.५ मीटर असते. छोट्या मापांत ६ च्याही आसपास. (काही बोर्डांत एकाच कडेवर दोन-तीन त्रिज्या मिसळलेल्या असतात. इथे एकच धरू.) कडेचा बर्फाला टेकणारा भाग १.२ मीटर आणि त्रिज्या ८ मीटर असेल, तर कंबर टोकांपेक्षा प्रत्येक बाजूला जेमतेम २२ मिलिमीटर आत येते. एवढ्याशा खळग्यावर सगळा खेळ उभा आहे.

तो कसा, हे पाहायला एक जुनं पोस्टकार्ड घ्या. त्याच्या लांब बाजूला कात्रीने मंद, आत वळलेला कंस कापा. ही कड टेबलावर टेकवा आणि कार्ड तिरपं करा. आता फक्त दोन टोकं टेबलाला लागतील, मधे फट दिसेल. मधोमध बोटाने दाबून फट बुजवा. कार्ड वाकलं आणि टेबलाला टेकलेली कड कमानीसारखी वळली! कार्ड आणखी उभं करा, म्हणजे टेबलाशी होणारा त्याचा कोन वाढवा. आता फट बुजवायला जास्त दाबावं लागेल आणि कमान आणखी खोल होईल. बोर्डावर बोटाचं काम तुमचं वजन करतं. वाकलेली कड बर्फात जी कमान उमटवते, तेच तुमचं वळण.

या कमानीचं गणित शाळेतल्या त्रिकोणमितीत बसतं:

वळणाची त्रिज्या = साइडकटची त्रिज्या × कोसाइन (बोर्डाच्या कलाचा, म्हणजे बर्फाशी होणारा, कोन)

८ मीटर त्रिज्येचा बोर्ड ३० अंश कलवला तर वळण ६.९ मीटरचं, ४५ अंशांना ५.७ मीटरचं, ६० अंशांना नेमकं अर्धं, ४ मीटरचं. बोर्ड वळवावा लागत नाही, कलवावा लागतो. शिकवणारे हे घसा कोरडा करून सांगत असतात, पण सूत्र पाहिल्याशिवाय माझ्या डोक्यात ते शिरलं नव्हतं.

आता पुढची पायरी. इथे थोडा धीर धरा, कारण मजा इथेच आहे. वळताना आपण आत झुकतो, सायकलवर झुकतो तसे. किती झुकायचं हे वेग ठरवतो: झुकण्याच्या कोनाचा टॅन म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (गुरुत्वत्वरण गुणिले वळणाची त्रिज्या). शरीर आणि बोर्ड एकाच कोनात कलले आहेत असं धरू, उताराचा परिणाम तूर्त सोडून देऊ आणि वरचं सूत्र यात घालू. कोसाइन आणि टॅन यांचा गुणाकार म्हणजे साइन, त्यामुळे उरतं एवढंच:

वेगाचा वर्ग = गुरुत्वत्वरण × साइडकटची त्रिज्या × साइन (कलाचा कोन)

साइन १ च्या वर जात नाही. म्हणजे प्रत्येक साइडकटला निर्भेळ कार्व्हिंगची एक वेगमर्यादा आहे! ८ मीटरसाठी ती ताशी सुमारे ३२ किलोमीटर येते, आणि तीही बोर्ड भिंतीसारखा उभा, माणूस बर्फाला समांतर आडवा, अशा अशक्य अवस्थेत. त्याच बोर्डावर ३० अंशांना वेग येतो २२.५ किलोमीटर, ४५ अंशांना २७, ६० अंशांना ३०. शेवटचे दोन आकडे पुन्हा पाहा. वेग वाढला ताशी तीन किलोमीटरने, कल वाढवावा लागला पंधरा अंशांनी. “जरा वेग घेतला की बोर्ड धरतच नाही” ही मध्यम सरावाच्या माणसाची नेहमीची तक्रार. ती बऱ्याचदा या साइनच्या वक्राविरुद्धच असते.

प्रत्यक्षात गुडघे आणि कंबर मोडून शरीरापेक्षा बोर्ड जास्त कलवता येतो, उतारही आपलं बळ जोडतो, म्हणून ही मर्यादा दगडी भिंत नव्हे. पण तुलना करायला ती फार उपयोगी आहे. ताशी २७ किलोमीटरला ८ मीटरचा बोर्ड सुमारे ४६ अंश कल मागतो. त्याच वेगाला ६.५ मीटरचा बोर्ड मागतो ६२ अंश! वळणात पायांवर येणारा भार १ भागिले कोसाइन या प्रमाणात वाढतो, म्हणजे सामानासकट ८० किलोच्या माणसाला पहिल्या बोर्डावर ११५ किलो तोलायचे आहेत आणि दुसऱ्यावर १७० किलो. बर्फाने तेवढा भार पेलला नाही तर खाच ढासळते आणि रेघेचा फराटा होतो. “लहान त्रिज्या म्हणजे वळायला सोपा” असं छापील माहितीत असतं, ते सावकाश चालवणाऱ्यापुरतं खरं आहे. वेग वाढतोय असं जाणवत असेल तर त्रिज्या आपल्या मापाच्या पट्ट्यात वरच्या बाजूची घ्यावी, असं माझं मत.

गणित इथे थांबवतो.

दुसरी गोष्ट पिळाची. स्कीवर एका फळीवर एकच पाय असतो, बोर्डावर दोन. त्यामुळे पुढच्या पायाची बोटं दाबली आणि मागची टाच तशीच ठेवली तर ओलं फडकं पिळावं तसा बोर्ड किंचित पिळतो, पुढची कड आधी बर्फात शिरते आणि वळण सुरू होतं. किती पिळेल हे लाकडी गाभ्यावरच्या काचतंतूंच्या थरांवर अवलंबून असतं. फळी पिळली की सर्वात जास्त ताण तिरप्या, ४५ अंशांच्या रेषांवर येतो. ‘बायॅक्स’ कापडात तंतू फक्त उभे-आडवे असतात, तिरप्या ताणाला कोणी धरून ठेवत नाही, बोर्ड सहज पिळतो. ‘ट्रायॅक्स’मध्ये तिरपे तंतू असतात, ते या ताणाला आडवे येतात. पायांनी वळण शिकत असलेल्याला बायॅक्स क्षमाशील वाटतो. कडक, बर्फाळ उतारावर वेगात कड टिकवायची तर ट्रायॅक्स बरा.

लांबीला किती लवेल याचा आकडा मात्र बहुतेक बोर्डांवर छापलेला असतो. दहापैकी पाच, दहापैकी सहा. त्याला फार भाव देऊ नये. हा आकडा कोणत्याही एका प्रमाण चाचणीतून येत नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या बोर्डांची आपसात तुलना करून तो लिहिते. एकीचा पाच म्हणजे दुसरीचा सात असू शकतो. वर गाभ्याच्या जाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरकही मोठा ठरतो. साध्या फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, थरांच्या बोर्डात वर्ग आणि घन यांच्या दरम्यान कुठेतरी. सात मिलिमीटरचे साडेसात केले की ताठपणा पंधरा ते तेवीस टक्क्यांनी वाढला. त्यापेक्षा उत्पादकाचा वजनाचा तक्ता पाहावा. आपलं वजन त्या मापाच्या पट्ट्यात मधोमध बसलं की अर्धं काम झालं.

आता बोर्ड बाजूने पाहिला की दिसणाऱ्या कमानीबद्दल थोडक्यात. बोर्ड सपाट जमिनीवर ठेवला आणि मधला भाग काही मिलिमीटर उचललेला दिसला, तर तो कॅम्बर. उभं राहिलं की ही स्प्रिंग दबते आणि वजनाचा वाटा टोकांकडे ढकलते, म्हणून कड लांबवर धरते. मधे टेकणारा आणि टोकांकडे उचललेला तो रॉकर. भुसभुशीत बर्फात तो तरंगतो आणि खालच्या बाजूची कड बर्फात अडकून तोंडावर आपटण्याचे प्रसंग कमी होतात, पण कडक उतारावर त्याची पकड सैल. पायांखाली कॅम्बर आणि टोकांना थोडा रॉकर ही मिसळ मध्यम सरावाला मला सर्वात पटते. मिसळीच्या प्रत्येक प्रमाणाला वेगळं चकचकीत नाव देतात, तिकडे दुर्लक्ष करावं. पट्टी लावून फट बघावी.

तळाबाबत तर अंधश्रद्धाच फार. “बोर्डाच्या दाबाने बर्फ वितळतो, म्हणून आपण घसरतो” हे शिकलेली माणसंही छातीठोकपणे सांगतात. हिशेब करू. ८० किलोचं वजन सुमारे ०.३ चौरस मीटर तळावर पसरलं, तर दाब येतो वातावरणाच्या दाबाच्या जवळपास चाळिसाव्या हिश्शाएवढा. आणि अख्ख्या एका वातावरणाच्या दाबाने बर्फाचा वितळणबिंदू एक अंश सेल्सियसच्या शंभराव्या भागाइतकाही खाली येत नाही. बर्फाचे कण फक्त ठिकठिकाणी टेकतात, म्हणून तिथला दाब कितीतरी पट जास्त असतो हे मान्य केलं, तरी उणे दहा अंशांतलं घसरणं यातून निघत नाही. १९३९ साली बाउडन आणि ह्यूज या संशोधकांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखच्या संशोधन केंद्रात प्रयोग करून घर्षणाच्या उष्णतेकडे बोट दाखवलं. बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू मुळातच सैल असतात, तेही मदत करतात. हा विषय आजही पूर्ण मिटलेला नाही. तळ पॉलिइथिलीनचा असतो. वितळवून साच्यातून दाबून काढलेला ‘एक्स्ट्रुडेड’ तळ स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा, भुकटी दाबून-तापवून बनवलेला ‘सिंटर्ड’ तळ मेण जास्त शोषतो आणि वेगवान असतो. मेण लावायचा आळस असेल तर सिंटर्डचे जास्तीचे पैसे वाया.

रुंदी मात्र नीट पाहा. बुटाचा तळ बर्फापासून समजा ३ सेंटीमीटर वर आहे. बूट कडेबाहेर ३ सेंटीमीटर डोकावत असेल तर ४५ अंशांना तो बर्फाला टेकेल आणि कड उचलून टाकेल. दीडच सेंटीमीटर डोकावला तर ६० अंशांच्या पुढेपर्यंत मोकळीक. पण भीतीपोटी फार रुंद बोर्ड घेतला तर एका कडेवरून दुसरीवर जाताना घोट्यांचा जीव जातो.

शक्य असेल तर विकत घ्यायच्या आधी अर्धा दिवस चालवून पाहा. रुंद, सपाट केलेला उतार, सकाळची वेळ, मागावर माग पडलेले नसताना. तीन-चार वळणं घ्या, थांबा आणि मागे वळून पाहा. रेघ वळणाच्या सुरुवातीलाच फाटलेली दिसली तर बोर्ड तुमच्या पायांना पिळत नाहीये, किंवा तुमच्या वजनाला ताठ आहे. सुरुवात स्वच्छ आणि वळणाच्या शेवटी, वेग वाढल्यावर फराटा सुरू झाला, तर त्याच उतारावर मोठ्या त्रिज्येचा बोर्ड मागून घ्या आणि पुन्हा तीच वळणं घ्या.