चिनी शाईतला सरस

चिनी कुंचल्याची शाई काळी होते ती काजळीमुळे, पण कागदावर ती कशी वागेल हे ठरवतो सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेला गोंद. नुसती काजळी पाण्यात टाकली तर तरंगते, तिच्या गुठळ्या होतात. सरसातलं जिलेटिन कार्बनच्या प्रत्येक कणाला वेढून घेतं आणि कणांना एकमेकांपासून दूर ठेवतं. आपल्याकडच्या पोथ्यांच्या काजळी शाईत हेच काम बाभळीचा डिंक करत असे.

काजळी मुख्यतः दोन प्रकारची. पाइनचं लाकूड जाळून मिळणारी काजळी भरड असते. तिची शाई चमक नसलेली आणि पातळ केल्यावर निळसर दिसते. तुंग झाडाच्या बियांच्या तेलाच्या दिव्यांवर धरलेली काजळी बारीक. तिला चमक येते आणि पातळ छटेत तपकिरी झाक उतरते. सहाव्या शतकात जिया सिश्ये याने आपल्या शेतीविषयक ग्रंथात शाईची कृती दिली आहे: 1 जिन काजळीला 5 लियांग सरस (ही चिनी वजनं; तेव्हा 16 लियांगांचा 1 जिन होई), सोबत पाच अंड्यांचा पांढरा बलक, आणि लोखंडी उखळात 30,000 वेळा कुटणं. हे काम भर उन्हाळ्यात किंवा कडाक्याच्या थंडीत करू नये, असंही तो बजावतो. उन्हाळ्यात मिश्रण कुजून वास मारतं, थंडीत शाईची कांडी वाळता वाळत नाही. साच्यातून काढलेली कांडी आजही सावलीत, सावकाश, कित्येक महिने वाळवतात. घाई केली तर बाहेरचा थर आधी आकसतो आणि कांडी तडकते.

शाई उगाळायची पद्धत सहाणेवर चंदन उगाळण्यासारखीच. शाई उगाळायच्या दगडावर चमचाभर स्वच्छ पाणी घ्यावं, कांडी उभी धरावी आणि हलक्या हाताने गोल फिरवत राहावं. जोर लावला की भरड कण सुटतात. कांडीमागे उमटलेली वाट क्षणभर तशीच राहू लागली की शाई दाट झाली. लगेच बुजत असेल तर अजून उगाळावी. थंडीत सरस गोठू लागतो, तेव्हा पाणी कोमट घ्यावं. काम झाल्यावर कांडीचं ओलं टोक पुसून ठेवायचं. ती दगडावरच राहिली तर सरस तिला तिथे चिकटवून टाकतो, आणि ओढून काढताना दगडाचा पृष्ठभागही निघू शकतो. ग्वांगदोंग प्रांतातल्या झाओछिंगच्या दुआन दगडाला मान आहे तो त्याच्या पोतामुळे: मऊ, अभ्रकी खनिजात क्वार्ट्‌झचे अतिसूक्ष्म दाणे विखुरलेले असतात, ते कांडी झिजवतात पण ओरबाडत नाहीत. दगड रोज गार पाण्याने धुवावा. कालच्या शाईतला सरस कुजू लागलेला असतो. त्याचा वेढा सुटला की कण एकत्र येतात आणि रेषेच्या कडेला कणीदार डाग उमटतात. काही चित्रकार हा परिणाम मुद्दाम साधतात, सुलेखनात मात्र तो नकोच.

सरसाचं खरं कौतुक कागदावर. आन्हुई प्रांतातल्या जिंग परगण्यातला शुआन कागद निळ्या चंदनाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून बनतो (नाव चंदन असलं तरी हे झाड आपल्या चंदनाच्या कुळातलं नाही). कच्च्या, म्हणजे लेप न दिलेल्या, शुआनवर पाणी तंतूंमधून लांबवर पसरतं, कार्बन मात्र जवळच अडकतो. पहिला फटकारा वाळला की त्यातला सरस कागदाची छिद्रं बुजवतो, त्यामुळे शेजारचा दुसरा फटकारा त्यात घुसत नाही आणि मधे फिकट रेघ राहते. चित्रकार छी बाईशी (1864–1957) यांच्या चित्रांतल्या कोळंब्यांच्या पारदर्शक अंगावरचे सांधे या गुणावरच उभे आहेत.

बारीक रेषांच्या चित्रांसाठी कागदावर सरस आणि तुरटीचं पाणी फिरवतात. तुरटी कमी पडली तर शाई ठिपक्याठिपक्यांनी झिरपते. जास्त झाली तर कुंचला अडखळतो, आणि तिच्या आम्लतेने कागद काही वर्षांत ठिसूळ होतो. दमट जागी ठेवलेल्या जुन्या कागदावरचा हा लेप जागोजागी निकामी होतो, म्हणून वापरण्याआधी कोपऱ्यावर एक थेंब टाकून पाहावा.

कुंचल्यात मात्र सरस साचू देऊ नये. तो केसांच्या मुळाशी वाळला की केस फाकतात आणि टोक पुन्हा जुळत नाही. गार पाण्यात मुळापर्यंत धुवून, टोक बोटांनी जुळवून, कुंचला टोक खाली येईल असा टांगावा. गरम पाणी वापरू नये, कारण केसांचा झुपका दांड्यात धरून ठेवणारा चिकटपदार्थ त्याने सैल पडतो.