क्यू.एस.: औषधात औषधाखेरीज काय असतं

घरातली गोळ्यांची एखादी स्ट्रिप उलटून पाहा. बारीक अक्षरांत औषधाचं नाव, मिलिग्रॅमचा आकडा, रंगाचं नाव आणि बहुतेक वेळा आणखी एक ओळ दिसेल: 'एक्सिपिएंट्स क्यू.एस.' एक्सिपिएंट्स म्हणजे गोळीत औषधाखेरीज घातलेले बाकीचे घटक. क्यू.एस. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरं. अर्थ, 'पुरेल इतके'. गोळीला आकार यायला, ती पाकिटात भुगा न व्हायला, पोटात वेळेवर विरघळायला, कडू न लागायला आणि दोनतीन वर्षं टिकायला पुरेल इतके. पुरेल इतकं काय, ते मात्र लिहिलेलं नसतं.

हे 'बाकीचं' फार असतं. थायरॉइडच्या गोळीत 50 मायक्रोग्रॅम औषध असतं, म्हणजे ग्रॅमचा वीस हजारावा भाग. तेवढी पूड चिमटीतही येणार नाही. आपण उचलतो आणि गिळतो ती गोळी जवळजवळ सगळी भरणाची असते. हे टोकाचं उदाहरण झालं. पण अमेरिकेतल्या संशोधकांनी 2019 मध्ये तोंडावाटे घ्यायच्या 42 हजारांवर औषधांची छाननी केली, तेव्हा गोळी-कॅप्सूलच्या वजनातला सरासरी पाऊण हिस्सा अशा 'निष्क्रिय' घटकांचा निघाला. सुमारे 45 टक्के औषधांत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर होती. काही थोड्या लोकांना ॲलर्जी किंवा त्रास देऊ शकेल असा निदान एक तरी घटक 90 टक्क्यांहून जास्त औषधांत होता. बहुतेकांना त्याने काहीही होत नाही, हेही तितकंच खरं.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यकात या बाकीच्याला निष्क्रिय म्हणत नाहीत. त्याला नाव आहे, अनुपान. सितोपलादी मधातून द्यायचं की तुपातून, चूर्ण कोमट पाण्याबरोबर घ्यायचं की ताकाबरोबर, हे वैद्य सांगतात आणि घरातली म्हातारी माणसं ते काटेकोर पाळतात. मध योगवाही मानला जातो: ज्याच्याबरोबर जाईल त्याचा गुण पुढे नेणारा. त्या उपचारांचा गुण किती, हा प्रश्न वेगळा. पण औषध कशातून जातं याला महत्त्व आहे, ही जाण त्या शब्दात आहे. कारखान्यातल्या औषधांच्या जगाला ती यायला फार जीव मोजावे लागले.

1937 साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे घसादुखीपासून गुप्तरोगांपर्यंत चालणारं नवं औषध होतं. गोळी आणि पूड मिळत होती, पण मुलांसाठी पातळ औषधाची मागणी होती आणि ते पाण्यात नीट विरघळत नव्हतं. टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावच्या मॅसेंगिल कंपनीचे मुख्य रसायनतज्ज्ञ हॅरॉल्ड वॉटकिन्स यांना ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळतं असं आढळलं. गोडसर, दाट, रंगहीन द्रव. त्यात रासबेरीचा स्वाद घातला. कंपनीने रंग, वास आणि चव तपासली. विषारी आहे का, हे तपासलं नाही. कायद्यानुसार तपासायची गरजच नव्हती. सप्टेंबरमध्ये बाटल्या रवाना झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरातून मृत्यूच्या बातम्या आल्या. आधी उलट्या, पोटदुखी, मग लघवी बंद. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यांत कितीतरी लहान मुलं होती.

सल्फानिलामाइड निर्दोष होतं. घात केला तो द्रावकाने. यकृतात त्याचं डायग्लायकोलिक आम्ल बनतं आणि ते मूत्रपिंडाच्या नलिकांतल्या पेशी मारतं. शिकागो विद्यापीठात प्राण्यांवर प्रयोग करून हे दाखवणाऱ्या गटात फ्रान्सिस केल्सी नावाची एक विद्यार्थिनी होती. पुढे 1960 मध्ये थॅलिडोमाइडला, म्हणजे गर्भातल्या बाळांत व्यंग निर्माण करणाऱ्या औषधाला, अमेरिकेत परवानगी नाकारून धरणाऱ्या अधिकारी त्याच.

या खटल्यातली एक गोष्ट वाचताना आजही राग येतो. सरकारला माल जप्त करता आला तो विषामुळे नाही. औषध 'एलिक्झिर सल्फानिलामाइड' या नावाने विकलं होतं. 'एलिक्झिर' म्हणायचं तर त्यात अल्कोहोल हवं, या औषधात ते नव्हतं, म्हणून लेबल खोटं. कंपनीला दंड झाला 26,100 डॉलर. वॉटकिन्स यांनी आत्महत्या केली. 1938 मध्ये अमेरिकेत नवा कायदा आला आणि बाजारात आणण्याआधी औषध सुरक्षित असल्याचं दाखवणं उत्पादकावर बंधनकारक झालं.

विष नसलेला भरणाचा पदार्थही माणसाला आजारी पाडू शकतो, हे 1968 च्या सुमाराला ऑस्ट्रेलियात दिसलं. फिट्सच्या फेनिटोइन कॅप्सूलमध्ये भरण म्हणून कॅल्शियम सल्फेट होतं, ते बदलून लॅक्टोज घातलं गेलं. औषधाचे मिलिग्रॅम तेवढेच. तरी वर्षानुवर्षं तोच डोस घेणारे रुग्ण तोल जाणं, उलट्या, दोन-दोन दिसणं अशा तक्रारी घेऊन येऊ लागले. कॅल्शियमचा क्षार फेनिटोइनला आतड्यात अडवून धरत होता. तो गेल्यावर रक्तात औषध जास्त उतरलं. 'कंपनी बदलली की गोळी मानवत नाही,' असं रुग्ण म्हणतात तेव्हा मला हे आठवतं. दर वेळी ते खरं नसतं, पण ते ऐकून घ्यायला हवं.

नवजात बाळांचं दुःख त्याहून मोठं. 1982 मध्ये अमेरिकेत उघडकीला आलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या नळ्या धुण्यासाठी वापरलेल्या सलाइनमधलं बेन्झिल अल्कोहोल, जे जंतू वाढू नयेत म्हणून घालतात, बाळांना पचवता येत नव्हतं. बाळं धापा टाकत गेली. मोठ्या माणसाला तेवढ्याने काहीच होत नाही. दोनच वर्षांनी शिरेतून द्यायच्या ई-जीवनसत्त्वाच्या एका औषधाने 38 बाळं दगावली. संशय गेला तो जीवनसत्त्व पाण्यात मिसळावं म्हणून घातलेल्या पॉलिसॉर्बेटवर.

आणि मग 1986, मुंबई. जे. जे. रुग्णालयात जानेवारी-फेब्रुवारीत मेंदूचे आणि डोळ्यांचे रुग्ण मूत्रपिंड निकामी होऊन जाऊ लागले. कवटीतला किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी त्यांना ग्लिसरीन पाजलं जात होतं. इथे ग्लिसरीन हेच औषध होतं, पण खोकल्याच्या आणि तापाच्या कितीतरी पातळ औषधांचा पाया तेच असतं, म्हणून ही गोष्ट याच मालिकेतली. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. 14 रुग्ण गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. कारखान्यात वापरायचं ग्लिसरीन रुग्णाच्या तोंडापर्यंत पोचलं कसं, याचा माग काढताना आयोग रुग्णालयातली खरेदी, अन्न व औषध प्रशासनातले परवाने आणि मंत्रालय इथपर्यंत पोचला. 1988 मध्ये अहवाल लोकांसमोर आला आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पायउतार व्हावं लागलं. त्या काळात मराठी वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना 'लेंटिन आयोग' हे दोन शब्द पाठ होते. आजच्या औषधनिर्माणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते माहीत असायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

हा घोटाळा पुन्हापुन्हा होण्याचं कारण साधं आहे. डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला, हाताला आणि चवीला ग्लिसरीनसारखंच, आणि स्वस्त. ते रेझिन बनवायला आणि ब्रेक फ्लुइडमध्ये वापरतात. पिंप दलालाकडून दलालाकडे जातं, मधे कुठेतरी कागद बदलतो, आणि शेवटचा कारखानदार कागदावर विश्वास ठेवून पिंप उघडतो. बांगलादेशात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरासिटामॉलच्या पातळ औषधाने शेकडो मुलं आजारी पडली. 1998 मध्ये गुडगावात 33 मुलं गेली. हैती, पनामा, नायजेरिया, जम्मूतलं रामनगर. 2022 मध्ये गांबियात सुमारे 70 मुलं, आणि त्या बाटल्या भारतातून गेलेल्या होत्या. जून 2023 पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांची सरकारी प्रयोगशाळेत आधी तपासणी सक्तीची झाली. देशातल्या मुलांसाठीच्या बाटल्यांना तो नियम लागू नव्हता.

2025 च्या सप्टेंबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून, मुख्यतः परासियाच्या भागातून, लघवी बंद झालेली मुलं नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. साधी सर्दी-ताप म्हणून औषध दिलेली पोरं. 20 हून जास्त गेली. तमिळनाडूत कांचीपुरमजवळ बनलेल्या कोल्ड्रिफ या औषधात तिथल्या सरकारी प्रयोगशाळेला 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. मान्य मर्यादा 0.1 टक्का आहे. कारखान्यात औषध विरघळवण्यासाठी औषधी दर्जाचं नसलेलं प्रोपिलीन ग्लायकॉल वापरल्याचं तपासणीत आढळलं. या औषधाची घटकनावं तीन: पॅरासिटामॉल, फेनिलएफ्रिन, क्लोरफेनिरामिन. मुलं या तिघांपैकी कशानेही गेली नाहीत.

भेसळ वेगळी आणि शुद्ध, परवानगी असलेला घटक एखाद्याला न मानवणं वेगळं. पण दोन्हींत आडवी येते ती एकच न लिहिलेली ओळ. युरोपात औषधासोबतच्या चिठ्ठीवर प्रत्येक निष्क्रिय घटकाचं नाव छापावं लागतं. अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांवर 1997 च्या कायद्याने ते आलं. आपल्याकडे 1945 च्या नियमांत वापरता येणाऱ्या रंगांची यादी आहे आणि रंगाचं नाव छापावं लागतं, म्हणून स्ट्रिपवर 'टार्ट्राझिन' किंवा 'सनसेट यलो' दिसतं. टार्ट्राझिनने अंगावर पित्त उठणाऱ्या माणसाला एवढी तरी सोय आहे. दूध न पचणाऱ्याला लॅक्टोजची नाही. फेनिलकीटोन्युरिया, म्हणजे प्रथिनांतला फेनिलॲलॅनिन हा घटक न पचण्याचा जन्मजात आजार, असलेल्या मुलाच्या आईला औषधात ॲस्पार्टेम (त्याच घटकापासून बनलेला कृत्रिम गोडवा) आहे की नाही हे कळायलाच हवं. रक्तदाबाच्या रुग्णाने पाण्यात फसफसणारी पॅरासिटामॉल घेतली तर एका गोळीतून सुमारे 400 मिलिग्रॅम सोडियम पोटात जातं. दिवसाला आठ गोळ्या झाल्या तर दिवसभराच्या जेवणातल्या मिठाची मर्यादा औषधातूनच ओलांडली जाते. कॅप्सूलचं टरफल बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं, हे उपासाच्या दिवशी औषध घेणाऱ्या कितीजणांना ठाऊक असतं?

गोळी बदलल्यावर त्रास सुरू झाला तर जुनी आणि नवी, दोन्ही रिकामी पाकिटं डॉक्टरांना नेऊन दाखवा. बाळाला पातळ औषध पाजल्यावर लघवी कमी झाली तर उरलेली बाटली फेकू नका. बॅच क्रमांकासकट बाळाबरोबर रुग्णालयात घेऊन जा.