थर्मोपिलीच्या खिंडीत फक्त ३०० जण नव्हते

‘इ.स.पू. ४८० मध्ये स्पार्टाच्या ३०० वीरांनी एकट्याने पर्शियाची अफाट फौज रोखली,’ हा ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या लढाईबद्दलचा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. ३०० हा आकडा खरा आहे, म्हणून तो सहज पटतो. चूक आहे ती ‘एकट्याने’ या शब्दात.

त्याच शतकातला ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात खिंडीतल्या ग्रीक सैनिकांची नगरवार यादी दिली आहे. बेरीज करून पाहा : तेगिया ५००, मँटिनिया ५००, कॉरिंथ ४००, थेस्पिया ७००, थीब्ज ४००, फोकिस १०००. चिमुकल्या मायसीनीनेही ८० जण धाडले होते. सगळी नावं धरली की बेरीज पाच हजारांपलीकडे जाते. शिवाय जवळच्या समुद्रात ग्रीक आरमार लढत होतं. त्यात सर्वाधिक जहाजं अथेन्सची.

शेवटच्या दिवशी बहुतेक तुकड्या माघारी गेल्या. थेस्पियाचे ७०० मात्र स्पार्टावाल्यांसोबत थांबले आणि तिथेच पडले. मला सर्वांत जास्त खटकतं ते यांचं विस्मरण. एवढ्याशा नगरातून ७०० माणसं म्हणजे केवढा मोठा वाटा! पुढे इ.स.पू. ४२३ मध्ये शेजारच्या थीब्जनेच त्यांची तटबंदी पाडली. खिंडीत त्यांचं स्मारक उभं राहिलं ते १९९७ मध्ये, स्पार्टाच्या स्मारकाशेजारी.