पार्श्वभूमी : केमिकल नदीत सांडले, पंप कधी बंद करायचा?

टँकर पुलावरून उलटला की खालच्या गावाला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात: पंप कधी बंद करायचा आणि पुन्हा कधी सुरू करायचा. संगणकावरची नदीची काही मॉडेल्स याच हिशेबासाठी असतात. त्यांचा पाया मात्र सांडपाण्यावर घातला गेला. अमेरिकेतल्या ओहायो नदीत घाण मिसळल्यावर ऑक्सिजन कसा घटतो आणि पुढे कसा भरून येतो, याचे समीकरण स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये मांडले. जी. आय. टेलर यांनी १९५४ मध्ये नळीतल्या खळाळत्या प्रवाहात द्रव्य कसे पसरते याचे गणित सोडवले. मधले पाणी पुढे धावते, कडेचे रेंगाळते, म्हणून पाच मिनिटांत सांडलेला माल खालच्या गावापुढून तासन्‌तास जात राहतो. साठच्या दशकात ह्यूगो फिशर यांनी हे गणित खऱ्या नद्यांवर आणले.

सरकारे खडबडून जागी झाली ती १ नोव्हेंबर १९८६ ला. स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळ सँडोझ या रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली आणि ती विझवताना मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके ऱ्हाइनमध्ये उतरली. नदी लाल झाली, वाम मासे मेले. त्यानंतर काठच्या देशांनी मिळून इशारा देणारे मॉडेल उभे केले आणि पाण्यात रंग सोडून, तो किती वेगाने जातो यावरून ते ताडून पाहिले.

ऱ्हाइन बारमाही आहे, आपली गोदावरी तशी राहिलेली नाही. पैठणच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, पुढे विष्णुपुरी, बाभळी असे दरवाज्यांचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की दरवाजे लागतात आणि नदीचे एकापाठोपाठ एक तलाव होतात. इथे केमिकलचा वेग नदीच्या उतारापेक्षा दरवाजे ठरवतात. बाभळीचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात. नांदेडजवळ ऑगस्टमध्ये सांडलेले द्रव्य सरळ तेलंगणाकडे निघेल. तेच डिसेंबरमध्ये बंद दरवाज्यांमागच्या फुगवट्यात अडकून बसेल. त्यामुळे मॉडेलमध्ये, माझ्या मते, समीकरणाआधी दरवाज्यांची नोंदवही भरली पाहिजे.

खाम नदीचे दुखणे निराळे. उन्हाळ्यात तिच्यात वाहते ते बहुतेक छत्रपती संभाजीनगरचे सांडपाणी, आणि ते जाते नाथसागराकडे, जिथून हेच शहर पाणी उचलते. तिथवर स्ट्रीटर-फेल्प्सचे जुने गणितही कामाला येते. जलाशयात शिरल्यावर मात्र वारा आणि खोली धरावीच लागते. शिवाय बेंझीनसारखे द्रव्य हवेत उडून जाते, जड धातू गाळाला चिकटून बसतात आणि मोठ्या पुरात गाळ उसळला की पुन्हा वाहू लागतात.