मनसर-खवासा रस्त्याखालच्या वाटा कशा झाल्या

नागपूरहून जबलपूरला निघालं की मनसरनंतर, मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या खवासाकडे जाताना, गाडी लांबलचक पुलांवर चढते. खाली नदी असेल म्हणून डोकवावं, तर सागाचं जंगल दिसतं. हे पूल जनावरांसाठी आहेत.

रस्ता मात्र इथल्या पेंचच्या राखीव जंगलाहून जुना. पेंच राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचं, महाराष्ट्राकडचा व्याघ्र प्रकल्प १९९९चा. उत्तर-दक्षिण महामार्गासाठी चौपदरीकरण ठरलं तेव्हा खरी अडचण समोर आली. पेंच आणि कान्हा यांना जोडणारा भ्रमणमार्ग नेमका याच रस्त्याने कापला जातो. वयात आलेला वाघ नवा मुलूख शोधत याच पट्ट्यातून जातो. चार पदरी रस्त्यावर दिवसरात्र ट्रक धावू लागले की गाडीखाली सापडण्याचा धोका तर असतोच, पण त्याहून वाईट म्हणजे काही प्राणी ओलांडायचंच सोडून देतात. मग दोन्हीकडच्या जंगलांतला संबंध तुटतो.

छिंदवाड्यामार्गे रस्ता वळवावा, असा पर्याय पुढे आला. प्रकरण न्यायालयांत गेलं, काम वर्षानुवर्षं रखडलं, रस्त्याची चाळण झाली. शेवटी रस्ता आहे तिथेच रुंद करायचं ठरलं, पण जनावरांना खालून वाट ठेवून. किती लांब, किती उंच, यावर महामार्ग प्राधिकरण आणि देहरादूनचं भारतीय वन्यजीव संस्थान यांच्यात बरीच ओढाताण झाली. वाद खर्चाचा होता. म्हणून हे पूल कुणाच्या दूरदृष्टीचं फळ आहे असं म्हणवत नाही. ते भांडून मिळालेत.

महाराष्ट्राच्या बाजूला अशी नऊ बांधकामं झाली: पाच भुयारी मार्ग (वर रस्ता, खाली जनावरांची वाट) आणि चार लहान पूल, खालच्या वाटेची रुंदी ५० ते ७५० मीटर. रुंदीला इतकं महत्त्व का? अरुंद, काळोख्या बोगद्यात हरीण शिरत नाही; पलीकडचा उजेड दिसावा लागतो. संस्थानाने २०१९ साली मार्च ते डिसेंबर कॅमेरे लावले, तेव्हा १८ जातींचे प्राणी खालून जाताना टिपले गेले. त्यांत ११ वेगवेगळे वाघ होते.

ही कल्पना आपल्याकडची नव्हे. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात १९८०च्या दशकापासून कुंपण आणि भुयारी मार्ग एकत्र वापरले गेले, नंतर जनावरांना रस्त्यावरून ओलांडायला झाडोरा लावलेले पूलही आले. तिथला धडा असा की कुंपणाशिवाय नुसता पूल फारसा कामाचा नाही, आणि अस्वलांना वाट सवयीची व्हायला काही वर्षं जातात. त्या मानाने पेंचचे वाघ लवकर रुळले म्हणायचे.

पण हे सगळं व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेल्या रस्त्यावर. डिसेंबर २०१७मध्ये बोर व्याघ्र प्रकल्पातला प्रसिद्ध ‘बाजीराव’ वाघ गाडीच्या धडकेने मेला, तो नागपूर-अमरावती महामार्गावर, बाजारगावजवळ. तिथे ना भुयारी मार्ग होता, ना कुंपण.