पतंग दिव्यावर भाळत नाही

नागपूरला 'टायगर कॅपिटल' म्हणायला लागल्यापासून इथल्या पोरांना ताडोब्यातल्या वाघिणींची नावं पाठ झाली आहेत. अंगणातल्या कण्हेरीवर बसलेली ती जाड हिरवी अळी कोणाची, असं विचारलं की मात्र सगळे चिडीचूप. म्हणून पावसाळ्यात कुठल्याही वस्तीत मुलांसाठी 'पतंगरात्र', म्हणजे उजेडावर येणारे पतंग बघायची रात्र, ठरली की मी हातातलं काम टाकून जातो. सफारीच्या जिप्सीचं भाडं नाही, बुकिंग नाही. दोरीवर ताणलेली पांढरी चादर, समोर झगझगीत दिवा आणि पावसाची थोडी उघडीप, एवढं पुरतं. भारतात पतंगांच्या १०,०००हून अधिक जाती आहेत, फुलपाखरांच्या जेमतेम १,४००. तरी शाळेच्या भिंतीवर तक्ता लागतो तो फुलपाखरांचाच.

सेमिनरी हिल्सच्या बाजूला अशाच एका रात्री एक काकू म्हणाल्या, "पतंग बिचारा दिव्यावर जीव टाकतो." शायरीत हे शोभतं. पण त्यांच्या शेजारच्या पोट्ट्याचं लक्ष चादरीकडे नव्हतंच. कोणीतरी चालू टॉर्च आभाळाकडे तोंड करून गवतात ठेवला होता. "काका, हा उलटा होऊन काहून पडून राह्यला?" टॉर्चवरून जाणारा एक बारीक राखाडी पतंग हवेतच पाठीवर उलटला, गवतात आपटला, फडफडत उठला, आणि पुन्हा तेच!

जीव टाकणारा प्रेमी उलटा कशाला होईल? याचं उत्तर जानेवारी २०२४मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये छापून आलं. सॅम्युअल फेबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत आणि कोस्टारिकाच्या जंगलात दिव्याभोवतीच्या कीटकांचं हाय-स्पीड कॅमेऱ्यांनी चित्रण केलं. दिसलं असं, की कीटक दिव्याकडे सरळ झेपावत नाहीत. ते बहुतेक वेळा दिव्याला आडवे उडतात, आणि पाठ मात्र दिव्याकडे करतात.

पाठच का? हवेत गिरक्या घेणाऱ्या इवल्याशा जिवाला गुरुत्वाची ओढ कुठली आणि उडतानाचे हिसके कुठले, हे वेगळं काढणं अवघड जातं. मग डोळे कामाला येतात. रात्रीसुद्धा आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं, अतिनील प्रकाशात तर जास्तच. तेव्हा 'उजेडाकडे पाठ ठेव' एवढा एकच नियम पाळला की शरीर सरळ राहतं. कोट्यवधी वर्षं हा नियम चुकला नाही. मग माणसाने दिवा लावला.

आता नीट बघा. पंखांची उचल साधारण पाठीच्या दिशेने लागते. पतंग दिव्याच्या बाजूने चालला असेल तर पाठ दिव्याकडे कलते आणि उचलीचे दोन घटक पडतात: उभा घटक वजन पेलतो, आडवा घटक त्याला दिव्याकडे ओढतो. हा आडवा घटक केंद्रगामी बलाचं काम करतो, म्हणून वळणावर कललेल्या स्कूटरसारखा तो गोल फिरत राहतो. दिव्याच्या खालून गेला तर तोंड वर होतं, चढता चढता वेग संपतो आणि तो थबकतो. दिव्याच्या वरून गेला तर 'वर' म्हणजे खाली असं वाटून तो उलटतो आणि कोसळतो. टॉर्चवर झालं ते हेच. तेच दिवा वरच्या बाजूला पांढऱ्या छतावर पसरवला, तर कीटक त्याखालून नीट सरळ गेले. चंद्राच्या रोखाने उडण्याच्या सवयीमुळे पतंग फसतो, हा जुना खुलासा या चित्रणापुढे टिकत नाही. लांबचे कीटक दिव्यापर्यंत का येतात, हा प्रश्न मात्र या प्रयोगाच्या आवाक्यात नव्हता.

गंमत म्हणजे हा नियम न पाळणारा एक पतंगही त्यांना भेटला. तो दिव्यावरून न उलटता गेला. कोण? आपल्या कण्हेरीवरच्या अळीतून निघणारा हिरवा हॉकमॉथ!

सगळेच पतंग दिव्यावर मिळत नाहीत. झाडाच्या बुंध्याला पिकल्या केळ्यांचा आणि गुळाचा लेप फासला, तर संत्र्यात सोंड खुपसून रस पिणारा, मागचे पंख नारिंगी असलेला पतंग येऊ शकतो. काटोलकडची पोरं त्याला ओळखतील, बागायतदाराचा तो वैरीच. त्याची अळी गुळवेलीवर पोसते. हो, करोनात जिला लोकांनी संजीवनी ठरवून टाकलं तीच गुळवेल.

पतंगाची पूड डोळ्यात गेली की माणूस आंधळा होतो, ही भीती पालक हमखास घेऊन येतात. ती पूड म्हणजे पंखांवरचे सूक्ष्म खवले. डोळा चुरचुरला तर पाण्याने धुवा, झालं. दुसरी अडचण तिथीची. चांदण्यात दिवा फिका पडतो, म्हणून अमावस्येच्या आसपासची रात्र सगळ्यात चांगली, आणि नेमकं तेव्हाच "अमावस्येला पोरांना बाहेर नाही पाठवत" असं ऐकावं लागतं. अरे बाप्पा, पोळा अमावस्येलाच असतो ना? दिवसभर बैलांमागे नाचलेली पोरं संध्याकाळी चादरीपाशी उभी राहिली तर काय बिघडतं?

फक्त दोन तासांनी दिवा बंद करायचा आणि चादरीवरचे पतंग हलक्या हाताने झुडपात झटकायचे. तसेच सोडले तर दमलेले पतंग सकाळपर्यंत तिथेच चिकटून राहतात आणि बुलबुल, कोतवाल आयता नाश्ता उरकतात.